पॉटचं झाकण

"...पण मग ती ऊब आत शिरते तरी कुठून, बाई?"

बिवलकरबाईंनी वर पाहिलं नाही. गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लादीवर त्या मोगरीने घाव घालत होत्या.

"ते मीठ सरकव इकडे," त्या म्हणाल्या.

डॉ. श्रीरंग टिपणीसने खड्या मिठाची पिशवी सरकवली. सकाळी पठारावरून निघून, घाट उतरून, उन्हातान्हातून गाडी हाकत तो या कोकणातल्या वाडीत येऊन पोचला होता. आल्या आल्या चप्पल काढायच्या आधीच त्याने विषय काढला होता. बाईंनी त्याला पाणी दिलं, पंखा लावला, आणि पडवीत बर्फ फोडायला बसल्या.

पठारावर एक मोठी प्रयोगशाळा आहे. तिथे जमिनीखाली एक लांबच लांब वाटोळा बोगदा खणलाय. त्या बोगद्यातल्या नळीतून अणूहूनही बारीक कण भन्नाट वेगाने पळवायचे, असा तिथला उद्योग. कण बिचारे सरळ जायला निघालेले असतात, त्यांना वळवायचं तर ताकदवान चुंबक लागतात. आणि त्या चुंबकांच्या तारा एका अटीवर काम करतात. त्यांना द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवायचं. हे हेलियम इतकं थंड, की त्याच्या शेजारी उत्तर ध्रुव म्हणजे पेटती चूल म्हणायची. जराशी ऊब लागली की ते उकळतं, वायू होतं आणि निघून जातं.

त्याला ऊब लागू नये म्हणून भोवती जी पेटी असते, ती श्रीरंगची. थर्मासच म्हणा ना, फक्त एसटीएवढा लांब.

त्या पेटीत ठरल्यापेक्षा जास्त ऊब शिरत होती.

सोमवारी समिती बसणार होती. तोवर ऊब उतरली नाही, तर श्रीरंगची पेटी बाजूला ठेवायची आणि बोगद्यासाठी सगळ्या पेट्या बाहेरून मागवायच्या, असं जवळजवळ ठरल्यातच जमा होतं. श्रीरंगची उमेदीची सगळी वर्षं त्या पेटीत गेली होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही तो तिच्याजवळ होता, आणि हे त्याची बायको अजून चारचौघांत बोलून दाखवते.

खरं सांगायचं तर तो बाईंकडे काही विचारायला आलाच नव्हता. प्रश्न आपला तोंडी लावायला. त्याला हवा होता एक फोन.

"समितीच्या अध्यक्षांना तुम्ही एक फोन करा, बाई," तो म्हणाला. "दोष चुंबकवाल्यांचा आहे, पेटीचा नाही, एवढंच सांगा. तुमचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत."

हे मात्र खरं होतं. प्रयोगशाळेत हेलियमचं पहिलं यंत्र बाईंनी उभं केलेलं. अध्यक्षही त्यांच्याच हाताखाली शिकलेले. निवृत्त होऊन बाई गावी आल्या, तरी तिकडे काही अडलं की कोणी ना कोणी म्हणायचंच, बाईंना विचारा.

"दोष चुंबकवाल्यांचा, हे तू कशावरून म्हणतोस?"

"पेटीत मी चूक केलेली नाही म्हणून."

"हं," बाई म्हणाल्या.

पडवीच्या मधोमध आइस्क्रीमचा पॉट होता. लाकडी बादली, तिच्या मधे उभा डबा, वर दातेरी चाकाची आडवी पट्टी आणि हँडल. हापूसचा रस आणि आटवलेलं दूध डब्यात ओतून झालं होतं. बाईंनी डब्याभोवती फोडलेला बर्फ भरला, त्यावर मूठ मूठ मीठ टाकलं, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ.

"शेजारच्या आंब्रेवहिनींच्या नातीचं आज बारसं आहे," त्या म्हणाल्या. "आइस्क्रीम माझं, असा शब्द दिलाय मी. फिरव."

"बाई, तो फोन..."

"आधी फिरव."

मोठ्या माणसांना आपल्या बाईंसमोर मोठेपण सांभाळता येत नाही. श्रीरंगने बाह्या सरसावल्या, पाटावर मांडी घातली आणि हँडल धरलं.

पॉट खडखडू लागला.

"थर्मामीटर किती लावलेस पेटीत?" बाईंनी विचारलं.

"शंभराच्या वर!" श्रीरंगचा चेहरा एकदम खुलला. "इंचाइंचाची खबर मिळते मला. एवढी खबर कोणाला आपल्या घरातलीसुद्धा मिळत नसेल."

"पहिल्यापासून शंभर होते?"

"छे. पहिल्यांदा पाच-सहाच होते."

"तेव्हा बाहेरचं मीटर काय म्हणत होतं?"

पेटीतलं हेलियम उकळून जो वायू होतो, तो एका नळीने बाहेर येतो. त्या नळीवर एक मीटर असतं. आत जितकी ऊब जास्त, तितकं ते मीटर जोरात पळतं. बाईंच्या काळी सगळा भरवसा त्या एका मीटरवर असायचा.

"जरासं जास्त होतं," श्रीरंग म्हणाला. "अगदी जरासं. पण ऊब कुठून येते ते मीटर थोडंच सांगतं? नुसती येतेय एवढंच सांगतं. म्हणून पेटी उघडली आणि आत आणखी पंचवीस-तीस थर्मामीटर लावले."

"मग?"

"मीटर आणखी पळायला लागलं."

"मग?"

"मग परत उघडली. आणखी लावले."

"मग?"

"आणखी पळायला लागलं. काहीतरी बिघडत चाललंय आत, बाई. वाढतच चाललंय. म्हणून तर..."

"आणखी लावलेस."

"लावणारच ना!"

बाईंनी बादलीत मूठभर मीठ टाकलं. "आणि एवढ्या सगळ्या थर्मामीटरांनी काय सांगितलं?"

श्रीरंगने हँडलचा वेग वाढवला.

"ऊब सगळीकडूनच येते, असं दिसतंय," तो म्हणाला.

"हं."

हा 'हं' त्याच्या जुन्या ओळखीचा होता. शिकत असताना या 'हं'ने त्याची अख्खी रात्र खाल्ली होती, एकदा नव्हे, अनेकदा. पण आता तो डॉक्टर झाला होता, विभागाचा प्रमुख झाला होता, परदेशात चार व्याख्यानं देऊन आला होता. त्याने तो कानाआड केला.

"आत्ता पेटी उघडून ठेवलीय," तो सांगत राहिला. "थर्मामीटरांचा नवा खोका आलाय. कुठे कुठे लावायचे ते सांगा म्हणून शलाकाचा फोन येईलच आता. माझ्या हाताखालची इंजिनियर. माणसं खोळंबून बसलीत बिचारी. पण मी म्हटलं, आधी बाईंना भेटून येतो."

"मी आत जाऊन वेलची कुटते," बाई उठत म्हणाल्या. "तू फिरवत राहा. हँडल जड झालं की हाक मार."

"जड म्हणजे किती जड?"

"कळेल."

"तरी अंदाजे?"

"हाताला कळेल रे. आणि झाकण उघडू नकोस."

बाई आत गेल्या.

श्रीरंगने फिरवलं, बरंच फिरवलं. हँडल जड झाल्यासारखं वाटलं. मग वाटलं, छे, आपला हातच दुखायला लागलाय. हाताला कळेल म्हणे! माप नाही, आकडा नाही, आणि कळणार कसं? त्याला मनातून थोडं हसूच आलं. बाई म्हाताऱ्या झाल्या, असं वाटून जरा वाईटही वाटलं.

त्याने आत कानोसा घेतला. खलबत्त्याचा आवाज येत होता.

आडवी पट्टी सोडवून त्याने झाकण उचललं. आत पिवळं, पातळ, नुसतं डुचमळणारं दूध. झाकण घातलं, पट्टी अडकवली, फिरवलं.

थोड्या वेळाने पुन्हा उचललं. कडेला जराशी साय धरल्यासारखं दिसत होतं. की भास? पुन्हा घातलं.

तिसऱ्यांदा मात्र त्याने डोकं चालवलं. सारखं झाकण उघडणं बरं नाही, एवढं त्यालाही कळत होतं. मग उघडायचंच कशाला? तो अनवाणीच गाडीपर्यंत गेला आणि आपली हत्यारांची बॅग घेऊन आला. बॅगेत थर्मामीटर होता, लांब तारेचा, टोकाला बारीकसा मणी असलेला. त्याने तो मणी आइस्क्रीमच्या डब्यात सोडला, तार झाकणाखालून बाहेर काढली. तारेमुळे झाकण नीट बसेना, एका बाजूने जरासं वर राहिलं. फट दिसू नये म्हणून त्याने तिच्यावर बर्फ आणि मीठ चांगलं दाबून भरलं.

मग थर्मामीटर हातात धरून आकडे वाचत बसला. आता पट्टी अडकवता येत नव्हती, त्यामुळे फिरवणं बंद पडलं, ती गोष्ट निराळी.

आकडा खाली उतरत होता. श्रीरंगला बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी मनासारखं चाललं होतं.

बाई वेलचीची वाटी घेऊन बाहेर आल्या आणि उभ्या राहिल्या. झाकणाखालून निघालेली तार त्यांनी पाहिली. तार धरून बसलेला आपला विद्यार्थीही पाहिला.

त्या समोरच्या पाटावर बसल्या.

"काय म्हणतोय तुझा थर्मामीटर?"

"उतरत होता, बाई. छान उतरत होता." श्रीरंगने डोळे बारीक करून पाहिलं. "आता मात्र... थांबलाय. वर चाललाय वाटतं."

"का?"

"तेच तर कळत नाही. बर्फ तर मी जास्तच घातला."

बाईंनी हाताने फटीवरचा बर्फ बाजूला केला. वितळलेलं मिठाचं पाणी तारेच्या कडेकडेने, संथपणे, डब्यात उतरत होतं. जिथे तार होती, नेमकं तिथूनच.

त्यांनी झाकण काढलं. वरवरचा थर चमच्याने हलकेच काढून वाटीत घेतला आणि वाटी श्रीरंगपुढे धरली.

"खा."

श्रीरंगने एक चमचा खाल्ला. त्याचं तोंड वाकडं झालं.

"कसं झालंय?"

"...खारट."

"आंबा चांगला होता," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. एवढ्या चांगल्या आंब्याचं असं झालं, याचं नुसतं वाईट वाटलेलं होतं, आणि तेच श्रीरंगला जास्त लागलं.

त्याने वाटी खाली ठेवली आणि हातातल्या तारेकडे पाहिलं.

तारेचं एक टोक डब्यात होतं. दुसरं त्याच्या मुठीत. सकाळपासून गाडी चालवून तापलेली, घामेजलेली त्याची मूठ. एवढीशी तार. तिने कितीशी ऊब जाणार...

त्याने मूठ उघडली.

पडवीबाहेर आंब्रेवहिनींकडची माणसं पाळणा सजवत होती. कोणीतरी कोणाला तरी फुलं कमी पडली म्हणून ओरडत होतं.

"श्रीरंग," बाई म्हणाल्या, "तारा मधल्या कवचाला बांधल्या होत्यास?"

पेटीत बाहेरचा पत्रा आणि आतलं हेलियम यांच्या मधे एक कवच असतं, तेही गार केलेलं. बाहेरून येणारी तार आधी तिथे घट्ट बांधायची, म्हणजे ती आपली ऊब तिथेच टाकते आणि थंडगार होऊन पुढे जाते. हा धडा बाईंनी पहिल्याच आठवड्यात दिलेला असायचा. दारात चपला काढून घरात यायचं तसं, असं त्या म्हणायच्या.

"पहिल्या पाच-सहा बांधल्या होत्या," श्रीरंग म्हणाला.

"आणि नंतरच्या?"

"नंतर घाई होती, बाई. दर वेळी वाटायचं, या वेळी सापडणारच. सगळं उलगडून बांधत बसायचं म्हणजे... आणि एका तारेचं मी गणित केलं होतं. अगदी नगण्य येत होतं. एका तारेनं कितीशी..."

एका तारेचं गणित त्याने केलं होतं. शंभर तारांचं करायला तो विसरला होता. लाज वाटणं म्हणजे काय, हे बऱ्याच वर्षांनी त्याला आठवलं.

"म्हणजे मी शोधत होतो ती ऊब..." तो पुटपुटला.

बाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं. तार हळूच ओढून काढली, पुसली आणि त्याच्या हातात दिली. खारट थर सगळा निपटून काढला. खालचं चाखून पाहिलं, मान डोलावली. वेलची घातली. झाकण बसवलं, नीट, चहूबाजूंनी दाबून. पट्टी अडकवली. नवा बर्फ, नवं मीठ. वरून गोणपाटाची जाड घडी.

"बस," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"पॉटवर."

"बाई!"

"शेवटी शेवटी पॉट हलतो. कोणाला तरी वर बसावं लागतं. लहानपणी कधी बसला नाहीस?"

बसला होता. मे महिन्यात, मामाच्या घरी. वजनाला जड म्हणून नेहमी त्यालाच बसवायचे, आणि मग उठू द्यायचे नाहीत.

विभागप्रमुख डॉ. श्रीरंग टिपणीस गोणपाटावर बसले. पाय अवघडून दोन्ही बाजूंना. बाई पाटावर सरसावून बसल्या आणि त्यांनी हँडल धरलं.

"मी फिरवतो ना, बाई. तुम्हाला त्रास..."

"शेवटचे फेरे माझे. तू फक्त बस."

पॉट खडखडू लागला. गोणपाटातून गारवा वर चढायला लागला. श्रीरंग चुळबुळला. बसल्या बसल्या त्याने दोनदा खाली वाकून पाहिलं, पण दिसणार काय? आपल्याच मांड्या.

"झालं असेल का, बाई?"

बाई फिरवतच राहिल्या.

थोड्या वेळाने खिशातला फोन वाजला. श्रीरंगचे हात बर्फाने ओले झाले होते. त्याने कसाबसा फोन काढून गुडघ्यावर ठेवला आणि स्पीकर चालू केला.

"सर, शलाका बोलतेय. पेटी उघडीच आहे. नवे थर्मामीटर कुठे लावायचे? माणसं थांबलीत."

श्रीरंगने बाईंकडे पाहिलं. बाई हँडल फिरवत होत्या.

आता काहीही सांगता आलं असतं. नवे लाव म्हणता आलं असतं. बाईंना पुन्हा एकदा गळ घालून फोन करवून घेता आला असता, आणि त्यांनी केलाही असता कदाचित. मग सोमवारी चुंबकवाले तोंडघशी पडले असते, त्याची पेटी राहिली असती, आणि त्याचं नावही.

"शलाका," तो म्हणाला, "नवा खोका परत पाठव."

"...सर?"

"आणि आतले काढायला घ्या. सगळे. पहिले पाच-सहा तेवढे राहू देत, मधल्या कवचाला बांधलेले. बाकी एक तारही आत राहता कामा नये. मग पेटी बंद करा आणि हेलियम भरा."

"सर, सोमवारी समिती आहे."

"माहीत आहे."

"त्यांना काय सांगायचं?"

"मी सांगेन. ऊब चुंबकवाल्यांची नव्हती, माझी होती, असं सांगेन." त्याने ओले हात गोणपाटाला पुसले. "मग मीटर काय म्हणेल ते म्हणेल. पेटी चालली तर चालली."

शलाका हुशार मुलगी होती. तिला एकच गोष्ट कळेना, आणि ती तिने सरळ विचारून टाकली.

"पण सर, शंभर थर्मामीटर काढले, तर आत काय चाललंय ते आपल्याला कळणार कसं?"

श्रीरंगने पुन्हा बाईंकडे पाहिलं.

बाईंचा हात मंदावला होता. दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून, त्यांनी आणखी एक फेरा कसाबसा पुरा केला. मग हँडल सोडलं, पदराने कपाळ पुसलं आणि फोनच्या दिशेने जरा वाकल्या.

"अगं," त्या म्हणाल्या, "साहेब झाकणावर बसलेत. तरी आइस्क्रीम झालंय, ते हाताला कळलंच की."